तारे पोहोचतात, नाटक पोहोचत नाही

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात एखाद्या नव्या नाटकाचा पडदा पडला, की प्रेक्षकांनी पार्किंगमधून गाड्या काढायच्या आत त्या नाटकाबद्दलची पहिली पोस्ट पडलेली असते. ती कोथरूडमध्ये वाचली जाते तशीच, त्याच मिनिटाला, लोणी देवकरमध्येही वाचता येते. इंदापूर तालुक्यातलं हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. इथं एमआयडीसी आहे, भोवती ऊस आहे, उजनीचं बॅकवॉटर जवळ आहे. फोनला रेंज आहे, डेटाही आहे. पण ज्या नाटकाबद्दल पोस्ट आली ते बघायचं, तर जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरांहून जास्त प्रवास. रात्रीचा प्रयोग असला तर परतीच्या एसटीचा प्रश्न. दोघं गेले तर तिकीट, प्रवास आणि खाणं मिळून बरीच मोठी रक्कम, शिवाय दुसऱ्या दिवशीची शिफ्ट किंवा ऊस भरायचं काम.

‘इंटरनेटच्या काळात परीक्षणांचा प्रेक्षकांवर काय परिणाम होतो’ हा प्रश्न नेहमी बुकिंगच्या बाजूने विचारला जातो. चांगलं लिहून आलं की तिकिटं जातात का? वाईट लिहून आलं की नाटक पडतं का? निर्मात्यासाठी हे प्रश्न खरे आहेत. पण आज नाटकाबद्दलचं लिखाण फोनवर वाचणाऱ्यांमध्ये असे कितीतरी लोक आहेत, जे त्या नाटकाचं तिकीट काढूच शकत नाहीत. त्यांच्यासाठी परीक्षण म्हणजे तिकिटाआधीची चौकशी नसते. त्या नाटकातलं जेवढं त्यांच्या वाट्याला येणार असतं, ते सगळं त्या परीक्षणातच असतं. या वाचकाला आजची परीक्षणं काय देतात, हे कुणी विचारत नाही. ते विचारलं तर आपल्या नाट्यपरीक्षणाचं काय बिघडलंय ते जास्त स्पष्ट दिसतं.

एका पत्राची गोष्ट

आधी जुना हिशोब बघू. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ रंगमंचावर आलं. मच्छिंद्र कांबळी, मालवणी बोली, आणि गावातली हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवताना उडणारा गोंधळ. सुरुवातीच्या प्रयोगांना गर्दी नव्हती. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक दोन-अडीच तास मालवणी ऐकेल का, हीच शंका होती. मग पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहिलं आणि कौतुकाचं पत्र लिहिलं. ते पत्र जाहिरातीत छापलं गेलं आणि चित्र पालटलं. पुढे ‘वस्त्रहरण’चे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले.

आजच्या भाषेत ते पत्र व्हायरल झालं, असं आपण म्हणू. पण त्याचा परिणाम कशामुळे झाला ते नीट पाहायला हवं. पत्र जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचलं म्हणून नव्हे. जाहिराती तर सगळ्याच नाटकांच्या येत होत्या. वाचणाऱ्याला पत्र लिहिणारा माहीत होता. या माणसाला विनोद कळतो, त्याने स्वतः नाटकं लिहिली आहेत, आणि हा उगाच कुणाची भलामण करणार नाही, हा विश्वास वर्षानुवर्षांच्या वाचनातून आणि प्रयोगांतून तयार झाला होता. पुलंनी आपलं नाव पणाला लावलं होतं. नाटक रद्दी निघालं असतं तर नुकसान त्यांच्या शब्दाचं झालं असतं.

त्याच काळात वर्तमानपत्रांतले समीक्षकही होते. मराठी नाटकातली उसनवारी शोधून काढून ती उघडपणे सांगणारे म्हणून माधव मनोहर ओळखले जायचे. मुंबईत ज्ञानेश्वर नाडकर्णी, कमलाकर नाडकर्णी, पुण्यात वि. भा. देशपांडे, माधव वझे. हे वझे म्हणजे १९५३च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातला श्याम. पुढे त्यांनी आयुष्यभर नाटक पाहिलं, केलं आणि त्यावर लिहिलं. या मंडळींच्या लिखाणाने तिकीटखिडकीवर फार मोठा फरक पडला असं म्हणणं धाडसाचं होईल. त्यांनी झोडपलेली नाटकं धो धो चालली आणि त्यांनी डोक्यावर घेतलेली नाटकं पंचवीस प्रयोगांत आटोपली, असं मराठी रंगभूमीवर होत आलंय.

तरीही त्या परीक्षणाचं एक काम होतं. त्याच्या शेजारी बुकिंगचं बटण नव्हतं. वर्तमानपत्र सकाळी तालुक्याला पोहोचायचं आणि तिथला वाचक नाटकाला जाणार नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असायचं. त्यामुळे नेपथ्य कसं होतं, पडदा उघडला तेव्हा काय दिसलं, कुठल्या प्रसंगाला नटाने काय केलं, दुसरा अंक कुठे ढिला पडला, हे लिहावं लागायचं. आवडलं की नाही ते शेवटी यायचं. ते पटलं नाही तरी वाचणाऱ्याच्या हाती प्रयोगाचं काहीतरी चित्र राहायचं.

सगळ्यांनाच पैकीच्या पैकी

आता फोनवरचं बघा. बुकमायशोवर नाटकाच्या नावाखाली आकडा असतो. प्रशांत दामले यांच्या पुढाकारातून आलेलं ‘तिकिटालय’ हे नाटकांसाठीचं अ‍ॅप आहे. निर्मात्यांची पानं आहेत, प्रयोग संपल्यावर दारात उभं राहून घेतलेल्या प्रतिक्रियांचे व्हिडिओ आहेत, खास निमंत्रणावरून आलेल्या नट-नट्यांच्या स्टोऱ्या आहेत, फेसबुकवरच्या लांब पोस्टी आहेत. एका नाटकाबद्दल इतकं लिहिलं-बोललं जाणं मराठीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. आणि ते जवळजवळ सगळं एकाच सुरात असतं. अप्रतिम, चुकवू नये असं, डोळ्यांत पाणी आलं, सहकुटुंब पाहावं.

हे सगळे खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही. यामागे तीन साधी कारणं आहेत. नाटकाला जाणारा माणूस आधीच निवड करून आलेला असतो. चारशे-पाचशे रुपये आणि अख्खी संध्याकाळ खर्च केल्यावर आपण फसलो हे चारचौघांत सांगायला कुणाला आवडत नाही, त्यामुळे न आवडलेला माणूस गप्प बसतो. त्याचं गप्प बसणं आकड्यात मोजलं जात नाही. दुसरं कारण असं की, मराठी नाटकाचं जग लहान आहे. लिहिणारा, नट, दिग्दर्शक आणि निर्माता एकमेकांच्या फोनमध्ये असतात. वाईट लिहिलं तर उद्या भेट होणार आहे. आणि तिसरं, ‘मराठी नाटक जगलं पाहिजे’ ही भावना. ती खरी आहे, पण तिचा अर्थ हळूहळू ‘मराठी नाटकाला नावं ठेवू नयेत’ असा झालाय. आजारी माणसाला बघायला गेल्यावर आपण जसं बोलतो, तसं आपण नाटकाबद्दल बोलतो.

याचा परिणाम काय होतो? सगळीच नाटकं अप्रतिम असतील तर पुण्यातला प्रेक्षक निवड कशावरून करणार? तो ओळखीच्या चेहऱ्यावरून करतो. मालिकेत दिसणारा नट, ओटीटीवर गाजलेली नटी. म्हणजे कौतुकाच्या या पुराचा फायदा नवख्या लेखकाला आणि अनोळखी नटांना होत नाही. ज्यांना परीक्षणाची गरजच नव्हती, त्यांनाच तो होतो. ‘वस्त्रहरण’ आज आलं असतं, तर पहिल्या आठवड्यात त्यालाही भरपूर तारे मिळाले असते. शेजारच्या नाटकालाही तेवढेच मिळाले असते, आणि प्रेक्षक शेजारी गेला असता.

आणि लोणी देवकरच्या वाचकाला काय मिळतं? ‘चुकवू नये असं’ हे वाक्य ज्याला ते नाटक चुकवण्यावाचून पर्याय नाही, अशा माणसाच्या हाती पडतं. त्यात नाटक कशाबद्दल आहे हे एका ओळीत असतं आणि प्रयोग कसा होता हे कुठेच नसतं. डोळ्यांत पाणी आलं, हे कळतं. कशाने आलं, ते कळत नाही.

न पाहता घेतलेली बाजू

जिथे प्रयोग पोहोचत नाही तिथे मत मात्र पोहोचतं. याचं चांगलं उदाहरण २०२२मध्ये पुण्यात घडलं. महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३पासून चालू आहे. २०२२च्या अंतिम फेरीत एकही एकांकिका करंडकाच्या पात्रतेची वाटली नाही, म्हणून परीक्षकांनी तो दिलाच नाही. मग फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर धुरळा उडाला. कुणी म्हणालं, नव्या पोरांचा अपमान आहे. कुणी म्हणालं, बरं झालं, कुणीतरी आरसा दाखवला. दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या एकांकिका पाहिल्या होत्या. अंतिम फेरी एका नाट्यगृहात झाली होती, तिथे किती माणसं मावतात ते मावतात.

न पाहता वाद घालणं इंटरनेटने शिकवलं, असं म्हणता येणार नाही. १९७२मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ आलं तेव्हाही, नाना फडणवीसांची बदनामी झाली म्हणून संतापलेल्या सगळ्यांनी नाटक पाहिलं होतं असं नाही. पहिल्या संचातले प्रयोग एकोणिसावर थांबले, पुढे १९७४मध्ये थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभं केलं. न पाहणारे तेव्हाही होतेच. आज त्यांची संख्या वाढलीय, आणि त्यांच्या हाती पडणाऱ्या लिखाणातलं नाटक कमी कमी होत गेलंय. २०२२च्या त्या सगळ्या चर्चेतून एक जरी एकांकिका डोळ्यांपुढे उभी राहिली असती, तर बाहेरगावच्या वाचकाला परीक्षक बरोबर होते की नाही याचा थोडा तरी अंदाज आला असता. चर्चा निकालाची झाली, एकांकिकांची झाली नाही.

फडाची चौकशी

नाटकाबद्दलचं मत कसं तयार व्हावं, याची एक जुनी पद्धत लोणी देवकरच्या परिसरातल्या गावांना माहीत आहे. पण तिला आपण परीक्षण म्हणत नाही. चैत्र-वैशाखातल्या यात्रांना तमाशा ठरवायचा असतो. गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. पश्चिम महाराष्ट्रातले गावकारभारी तिथे जातात, फडमालकाशी बोलतात, सुपारी ठरते. पण त्याआधी एक चौकशी झालेली असते. गेल्या साली तुमच्याकडं कुठला फड होता? वग कसा होता? सोंगाड्या कसाय? गाणारी आहे का नुसती नाचणारी? पहाटेपर्यंत माणूस बसलं का उठून गेलं?

या चौकशीत दोन गोष्टी असतात. विचारणारा आणि सांगणारा एकमेकांना ओळखतात; लग्नकार्याला, बाजाराला, कारखान्यावर गाठ पडणार असते. आणि पैसा वर्गणीचा असतो. ज्याने फड सुचवला त्याला रात्रभर गावासमोर बसायचं असतं. वग रंगला नाही तर पुढचं वर्षभर पारावर त्याचं नाव निघणार. म्हणून तो ‘अप्रतिम’ म्हणून मोकळा होऊ शकत नाही. त्याला सांगावं लागतं: गण-गौळण बरी आहे, बतावणीत म्हातारा हसवतो, वग मात्र लांबवतात.

या पद्धतीत दोषही कमी नाहीत. ठरवणारे बहुतेक पुरुष असतात, पुढारी असतात, आणि चांगल्या कलेपेक्षा गावाची इरेसरी कधीकधी मोठी ठरते. फडातल्या बाईच्या कलेबद्दल बोलण्याऐवजी तिच्याबद्दल बोलणंही त्या पारावर होतं. ते डोळ्याआड करून पाराचं गोडवं गायचं कारण नाही. पण मत देणाऱ्याने त्या मताची जबाबदारी घेणं आणि नेमकं सांगणं, हे दोन गुण त्यात होते.

आता ती चौकशीही फोनवर आलीय. फडांचे व्हिडिओ यूट्यूबवर असतात, गावातली पोरं ते कारभाऱ्यांना दाखवतात. २०२२-२३मध्ये गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांना गावोगाव लोटलेली गर्दी मुख्यतः रील्सनी आणलेली होती. त्या कार्यक्रमांच्या बऱ्या-वाईटाची चर्चा खूप झाली. माझा मुद्दा वेगळा आहे. रील हेसुद्धा एक परीक्षणच असतं, कारण ते निवड करतं. तीस सेकंदांत लावणीचा एक ठेका दाखवता येतो. दीड-दोन तासांचा वग, हळूहळू रंगत जाणारी बतावणी, रात्र चढल्यावर सोंगाड्याला सापडणारी लय, यांतलं काहीच तीस सेकंदांत मावत नाही. मग जे मावतं त्यालाच सुपारी मिळते, आणि जे मावत नाही ते फड स्वतःच कमी करत नेतात. परीक्षणाचा एखाद्या कलेवर होणारा सगळ्यात मोठा परिणाम हाच असतो. ते एखादा प्रयोग पाडत नाही. कुठल्या प्रकारचा प्रयोग बघितला जाईल ते ठरवतं. पुण्याच्या नाटकाबाबतही तेच आहे. दारातल्या व्हिडिओत सांगता येईल असा विनोद आणि अशी भावना असलेलं नाटक पुढे जातं.

आवलीच्या वाटेवरचा वाचक

मग या वाचकासाठी कसं लिहायचं? एक नाटक घेऊन बघू. प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ एकांकिकेतून वाढून २०१७मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलं. निर्मिती ‘भद्रकाली’ची, म्हणजे मच्छिंद्र कांबळींनंतर प्रसाद कांबळी चालवत असलेल्या संस्थेची. हे नाटक प्रेक्षकांच्या पोस्टींतूनही लांबवर पोहोचलं. त्याचे पाचशेच्या घरात प्रयोग झाले आणि लेखकाला २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

नाटकात दोनच बायका. तुकोबांना डोंगरावर भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो. ती गरोदर आहे. तिची सेवा करायला रखुमाई लखूबाई होऊन तिच्या घरी येते. एकीचा नवरा देवाच्या मागे लागलाय, दुसरीचा नवराच देव आहे. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी रंगमंचावर प्रत्यक्ष गात हा प्रयोग उभा करत.

या नाटकाबद्दल शेकडो पोस्टी आल्या. त्यांतल्या बहुतेकींत ‘अंगावर काटा’ होता. काट्याच्या नाटकाला हे शोभतंही. पण मला त्यात एक गोष्ट दिसली नाही. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. बेलवाडीला गोल रिंगण होतं. इंदापूर तालुक्यातल्या बाईला पालखी म्हणजे काय, ती गेल्यावर मागे घरात काय उरतं, नवरा वारीला गेल्यावर जनावरांचं कोण बघतं, हे परीक्षकापेक्षा जास्त माहीत आहे. आवलीची चिडचिड तिच्यासाठी गोष्टीतली नाही. या बाईने ‘देवबाभळी’ पाहून लिहिलं असतं, तर तिने लखूबाईच्या गाण्याआधी आवलीच्या चुलीकडे बघितलं असतं. कदाचित तिला नाटक फार गोड वाटलं असतं. कदाचित ती म्हणाली असती, बाळंतपणाला आलेली बाई इतकं गात नाही. हे मत बरोबर की चूक ते सोडा. ते पुण्यातून येणं शक्य नव्हतं.

इथेच इंटरनेटने उघडलेली आणि आपण न वापरलेली वाट आहे. मत पुण्याकडून लोणी देवकरकडे येतं, उलट जात नाही. नाटकं अधूनमधून जवळ येतातही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं गदिमा सभागृह आहे. तिथे लागलेला प्रयोग पुण्यातल्या प्रयोगासारखा नसतो. हशा वेगळ्या जागी येतो, शांतता वेगळ्या जागी पसरते, एखादा शहरी विनोद जागच्या जागी पडतो. नाटक ही प्रत्येक प्रयोगाला बदलणारी गोष्ट आहे असं आपण म्हणतो, आणि परीक्षण मात्र शुभारंभाच्या प्रयोगावर, तेही मुंबई-पुण्यातल्या, लिहून मिटवून टाकतो. राज्य नाट्य स्पर्धा चालू असली की जिल्ह्याच्या आवृत्त्यांत हौशी संघांच्या प्रयोगांवर रोज लिहून येतं. तेवढीच काय ती जागा. व्यावसायिक नाटक तालुक्याला जाऊन आलं, की त्याबद्दल उरतात ते फक्त नटाबरोबरचे सेल्फी.

त्यासाठी मोठी समीक्षा लिहायला हवी असं नाही. गदिमा सभागृहात किंवा यात्रेच्या मांडवात काही पाहिलं, तर फोनवर चार परिच्छेद लिहिता येतात. प्रयोग कुठे आणि कधी पाहिला ते लिहावं. तिकीट काढून पाहिला की पासावर, तेही सांगावं. पडदा उघडल्यावर दिसलं काय, आणि लोक कुठे हसले, कुठे उठून गेले, ते लिहावं. जे आवडलं नाही ते कोणत्या प्रसंगात, हे सांगावं. खाली आपलं नाव घालावं. तारे द्यायचेच असतील तर ते यानंतर.

असं लिहिलं तर पुण्यातल्या निर्मात्याला पहिल्यांदा कळेल की त्याचं नाटक सभागृहाबाहेरच्या महाराष्ट्रात कसं दिसतं. आणि पळसदेवच्या, काळेवाडीच्या, लोणी देवकरच्या ज्या पोराला किंवा पोरीला नाटक बघायला मिळत नाही, तिच्या हाती निदान एक नेपथ्य, एक प्रसंग, नटाची एक हालचाल पडेल. उद्या ती गॅदरिंगला एकांकिका बसवायला उभी राहिली, तर तिला त्याचा उपयोग होईल. पाच ताऱ्यांचा होणार नाही.